सर्व बोटी बंदरात

“आणखी एक गेली!” हिराजीनं मांडीवर थाप मारली. “बघ भार्गव, जलकन्यापण गेली.”

“गेली काय म्हणतोस भरल्या दुपारी? आली म्हण.”

“पडद्यावरून गेली म्हणजे बंदरात आली. हे उलटं गणित तूच शिकवलंस ना मला?”

शिकवलं होतं खरं. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसच्या खोलीत, खाऱ्या हवेनं गंजलेल्या टेबलावर, कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेला कॉम्प्युटर होता. त्याच्या काळ्या पडद्यावर मी गावच्या बोटी मांडल्या होत्या. एकेका बोटीची एकेक डबी. डबीत बोटीचं नाव, ती चालवणाऱ्या तांडेलाचं नाव आणि बोट कुठवर पोचली त्याचे आकडे. बोट समुद्रात असली की डबी हिरवी. तिच्यावरच्या यंत्राचा निरोप यायला उशीर झाला की पिवळी. आणि बोट खाडीच्या तोंडातून आत शिरली की डबी पडद्यावरून नाहीशी.

त्या दिवशी सकाळीच वादळाचा इशारा आला होता. हिराजीनं वायरलेसवर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला आणि सगळ्यांना माघारी बोलावलं. आता एकेक डबी जात होती. बाहेर वारा छपराचा पत्रा उचकटायला बघत होता, आणि आत आम्ही दोघं म्हातारे, खोटं कशाला बोलू, मजेत होतो.

“धनवंती कुठाय?” हिराजीनं विचारलं.

“ही काय, दुसऱ्या ओळीत. हिरवीगार.”

“मघाशी तिसऱ्या ओळीत होती.”

“पुढच्या उठल्या, ही सरकली.”

“रूपेशला सांगून ठेवलंय, इशारा झाला की जाळं कापून टाक पण ये. ऐकेल ना रे तो?”

“तुझाच ना पोरगा? मग नाय ऐकणार.”

तो हसला. पण डोळे पडद्यावरून हलले नाहीत.

हिराजी चोगले आणि मी एका बाकावर शिकलो. तो समुद्रावर गेला, मी शहरात बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात. तो तांडेल झाला, बोट बांधली, तिला बायकोचं नाव दिलं. पुढं जाळं ओढायच्या विंचचा दोर तुटून त्याच्या कमरेत बसला आणि समुद्र सुटला. सोसायटीनं त्याला वायरलेसवर बसवलं. धनवंती, म्हणजे बायको, आधीच गेलेली. राहिली बोट, राहिला एकुलता एक रूपेश आणि त्याची बायको हेमांगी. तांडेल म्हणून रूपेशचा तो पहिलाच हंगाम होता. मी नोकरी सोडून गावी परतलो तो फक्त तोंड घेऊन. गावात मला तात्या म्हणत, आणि मागून थापाडे तात्या. कधी समोरूनही.

पडद्याची हौस मला कशी लागली ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी त्या कॉम्प्युटरवर नुसता तक्ता असायचा, रेल्वेच्या वेळापत्रकासारखा. तेव्हा शहरातल्या पोरांनी एक नवी तऱ्हा काढली होती. वेबसाईट जशी तुकडे जोडून बनवतात आणि मग नटवतात, तशीच पण नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर. हिराजीनं विचारलं होतं, “म्हणजे वेबसाईटच की ही?” मी म्हटलं, “तिची गरीब बहीण. दागिने नाहीत, पण नेसणं तेच.” आमच्या खोलीत इंटरनेट यायचं तसं जायचं, आणि ही गरीब बहीण चिमूटभर सिग्नलवर निभावून न्यायची. डबी एकदाच घडवायची आणि साच्यातून काढाव्यात तशा बोटीबोटीला द्यायच्या. तिचा सगळा नट्टापट्टा एका वेगळ्या पानावर लिहायचा. कोपरे गोल की चौकोनी, दोन डब्यांत अंतर किती, रंग कोणता. पंगतीत बसवल्यासारख्या त्या डब्या आपणहून बसायच्या. एक उठली की बाकीच्या सरकून ऐसपैस व्हायच्या. गावची माणसं खास बघायला यायची.

पहिल्यांदा केलं तेव्हा ज्या बोटीचा निरोपच थांबला तिची डबी काळी पडायची. जागच्या जागी, काळी. हेच नडलं.

आमच्याकडं तांडेलांना एक खोड आहे. घोळ किंवा सरंग्यासारख्या महागड्या मासळीचा थवा सापडला की यंत्र बंद करायचं. दुसऱ्यानं पडद्यावर बघून आपल्या मागं येऊ नये, म्हणून. मग इथं डबी काळी, आणि जेटीवर बायकांची रडारड. एकदा साईदर्शनची डबी दोन दिवस काळी राहिली. तांडेलाच्या बायकोनं बांगड्या फोडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा दारात हजर, डोक्यावर घोळीची पाटी आणि तोंडभर हसू. बायकोचे रिकामे हात बघितले तसं ते हसू गेलं. जिवंत माणसाच्या बांगड्या फुटल्या म्हणून त्याला शांती करावी लागली, गावजेवण घालावं लागलं, वर वर्षभर चिडवून घ्यावं लागलं.

त्यावर सोसायटीची सभा भरली. चेअरमन अंबाजीशेठ म्हणाले, “तात्या, ते काळं तेवढं काढा.”

“काढून काय दाखवू?”

“काही दाखवूच नका. नाय दिसली तर नाय दिसली.”

सगळ्यात मोठ्यानं बोलला तो हिराजी. “त्या पडद्यासमोर मी बसतो दिवसभर. तुम्ही नाय. मेलेल्याच्या कपाळासारखी ती काळी डबी बघत मला बसायचं नाय. काढ ती.”

त्या नट्ट्यापट्ट्याच्या पानावर दोन निरनिराळे शब्द चालतात. एकानं वस्तू दिसेनाशी होते पण तिची जागा तशीच रिकामी राहते. दुसऱ्यानं वस्तूबरोबर जागाही जाते. सभेनं मागितलं ते दुसऱ्यात बसत होतं. मी तो लिहिला. वर अंबाजीशेठना हौस होती म्हणून आणखी एक सोय केली. पडद्यावर एकही डबी उरली नाही की मधोमध दुहेरी रेघांची मोठी हिरवी चौकट यायची आणि तीत ठसठशीत अक्षरं, ‘सर्व बोटी बंदरात’. पाहुणे आले की शेठ ते दाखवायचे.

तर त्या दुपारी आम्ही त्या चौकटीची वाट बघत होतो.

“एवढ्या वाऱ्यात गप्प काय बसलायस?” हिराजी म्हणाला. “टाक की एखादी.”

“थाप नाय मारत मी. आमच्या आजोबांनी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.”

“तेच ते. टाक.”

दार ढकलून हेमांगी आत आली. पदर डोक्याला घट्ट गुंडाळलेला, हातात सासऱ्याचा डबा. “बाबा, जेवून घ्या. सकाळपासून चहावर आहात.”

“थांब पोरी, तात्या वादळ सांगतोय. ऐक जरा.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“हे काय वादळ आहे?” मी सुरू केलं. “आजोबांच्या वेळी जे झालं ते वादळ. असा वारा सुटला, असा सुटला, की समुद्रातलं मीठच्या मीठ उडून घाटावर गेलं.”

“घाटावर?”

“सरळ वर. आठवडाभर आपला समुद्र गोड. बायका घागरी घेऊन किनाऱ्यावर. बोंबील खावा तर अळणी. माशांना चवीवरून वाट कळते ना? ते बिचारे चुकून खाडीत, खाडीतून ओढ्यात, ओढ्यातून आमच्या विहिरीत. आजी पोहऱ्यानं सरंगे काढायची.”

हिराजी हसायला लागला. त्याचं हसणं कमरेत दुखायचं, म्हणून तो टेबलाला धरून हसायचा. “आणि मग मीठ परत कसं आलं?”

“घाटावरच्या लोकांनी पाठवलं ना. त्यांच्या ज्वाऱ्या खारट व्हायला लागल्या. पार्सलनं पाठवलं. आजोबांनी सही करून घेतलं आणि जेटीवरून टोपलीटोपलीनं ओतलं. जरा जास्तच पडलं, म्हणून तर आता इतकं खारट आहे.”

हिराजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. टेबलावर डोकं टेकून तो कण्हतही होता आणि हसतही. मीही हसलो. आपल्याच थापेवर हसायची वाईट खोड आहे मला. हेमांगी हसली की नाही ते मी पाहिलं नाही.

फोन वाजला. अंबाजीशेठ. किती राहिल्या, ते विचारत होते. हिराजी डोळे पुसत पडद्याकडं वळला आणि एकदम उभा राहिला, हात कमरेवर.

“धनवंती नाय!”

मी पडदा पाहिला. पाचसहा डब्या राहिल्या होत्या, लांबरुंद, आरामात बसलेल्या. धनवंती त्यांत नव्हती.

“धनवंती नाय! आली! शेठ, पोरगा आला माझा. थोड्याच राहिल्या, त्याही येतायत.” फोन ठेवून तो हेमांगीकडं वळला. “जा गं, जा जेटीवर. खाडीत शिरलाय. भरतीला वेळ आहे, जेटीच्या बाहेरच थांबवलं असेल सगळ्यांना, लागेल वेळ. पण तू दिसलीस तर बरं वाटेल त्याला.”

ती डबा टेबलावर ठेवून गेली. हिराजीनं डबा उघडला, भाकरी मोडली आणि मला अर्धी दिली. कोलंबीचं लिपतं होतं. असं चवीनं जेवताना मी त्याला त्याच्या बायकोच्या पाठीमागं पाहिलं नव्हतं.

दिवस कलायच्या सुमाराला शेवटची डबी पूर्ण पडदाभर पसरली आणि गेली. दुहेरी रेघांची हिरवी चौकट आली. सर्व बोटी बंदरात. अंबाजीशेठ स्वतः आले, नारळ घेऊन. उंबऱ्यावर फोडला. तालुक्याला फोन लावून म्हणाले, “आमच्या सगळ्या आल्या साहेब. गस्तीची बोट आमच्यासाठी थांबवायची गरज नाही. लागेल तिकडं पाठवा.” मग खोबरं वाटलं.

आमच्या तोंडात ते खोबरं असताना हेमांगी आली. नखशिखांत भिजलेली.

“बाबा, ते नाय आले.”

“खाडीत असेल गं. गर्दी असेल.”

“खाडीत नाय. मी टोकापर्यंत जाऊन आले. सगळ्यांना विचारलं. शेवटची बोटपण लागली. धनवंती नाय.”

हिराजीनं पडद्याकडं बोट केलं. पडद्यावर हिरवं सर्व बोटी बंदरात.

“ते मला दाखवू नका,” ती म्हणाली. “मी जेटीवरून आलेय.”

मी खुर्ची ओढली. नटलेला पडदा बाजूला सारला आणि त्याच्या मागं जे चालतं ते उघडलं. धनवंतीची शेवटची जागा सापडली. बगळ्या खडकाच्या पलीकडं, दुपारची. अंबाजीशेठनी पुन्हा फोन लावला. गस्तीची बोट तोवर दुसरीकडं निघून गेली होती. मग सागरकिरणचा तांडेल आत आला, आमच्यातलाच, चाळिशीचा गडी. मी त्याला जागा दाखवली.

त्यानं आकडे बोट ठेवून वाचले. “ही जागा? दुपारी? अरे, मी तिथूनच आलो. बगळ्याला वळसा घालून आलो. कोणी एक शब्द सांगितला असता वायरलेसवर तर मी फिरलो असतो. दहा मिनिटांच्या अंतरावर होतो मी.” मग त्यानं हिराजीकडं पाहिलं आणि पुढं बोलायचं टाळलं. तेवढ्यानंही जे व्हायचं ते झालं होतं.

तशा वाऱ्यातही पोरं गेली. दोन बोटी गेल्या, लाटांनी त्यांना खाडीच्या तोंडातूनच माघारी फेकलं. उजाडल्यावर पुन्हा गेली. बर्फाची पेटी सापडली. जाळ्याचे बोये सापडले. पुढं एका खलाशाचं प्रेत शेजारच्या गावच्या किनाऱ्याला लागलं. तो गावातल्या गोदाक्काचा धाकटा पोरगा. रूपेश आणि बाकीचे दोघं मिळाले नाहीत.

हिराजी जेवेना. घरी जाईना. वायरलेसच्या खोलीत बंद पडद्यासमोर बसून राहायचा. हेमांगी डबा आणायची, तसाच परत न्यायची. डॉक्टर आले, सुई देऊन गेले. अंबाजीशेठ मला म्हणाले, “तात्या, म्हातारा काय राहत नाय असा. तुमचं ऐकेल तो.”

मी गेलो. तो माझ्याकडं न बघता बोलला, “ती काळी डबी असती तर मी बघितली असती.”

“हिराजी…”

“काळी असती तर हसता हसतापण बघितली असती. जागा रिकामी दिसली असती. सागरकिरणला सांगितलं असतं. मीच सभेत बोललो, काढ ती. मीच बोललो ना?”

“सगळेच बोलले.”

“सगळ्यांचा पोरगा नव्हता तिच्यात.” तो वळला. गालफडं बसली होती, दाढीचे खुंट वाढले होते. “एवढंच सांग मला. डबी कशानं गेली? बोट बुडाली म्हणून गेली, का रूपेशनं यंत्र बंद केलं होतं?”

एक गोष्ट हिराजीला माहीत नव्हती. तांडेलानं खटका दाबून यंत्र बंद केलं तर ते जाता जाता ‘बंद होतोय’ एवढा निरोप धाडतं. पाण्यात गेलेल्या यंत्राला तेवढी सवड नसते. पडद्याला दोन्ही सारखंच, डबी नाहीशी. पण मागं फरक कळतो. मी त्या संध्याकाळीच पाहिलं होतं. धनवंतीकडून तसला निरोप आला नव्हता. ती दुपारपर्यंत नीट बोलत होती, मग उशीर झाला, मग काहीच नाही.

“बंद केलं होतं,” मी म्हणालो.

“कशावरून?”

“यंत्र सांगतं तसं. त्याचा निरोप असतो. बगळ्याच्या पलीकडं थवा लागला असेल. बंद केलं त्यानं. त्यानंतर काय झालं, कधी झालं, कोणालाच कळणं शक्य नव्हतं. काळी डबी असती तरी तू काय म्हणाला असतास? लपवतोय, म्हणाला असतास.”

त्यानं माझ्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. हा माणूस शाळेपासून माझी प्रत्येक थाप अर्ध्यावर पकडत आला होता. माझी पापणी हलली नाही.

“गाढव,” तो हळू म्हणाला. “इशारा असताना बंद केलं? गाढव पोरगा.” आणि मग तो रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. संध्याकाळी हेमांगीनं आणलेल्या पेजेचे दोन घोट प्यायला.

मला माझं कौतुक वाटलं. आयुष्यभर लोकांना हसवायला थापा मारल्या, एक तरी कामी आली.

ती खोलीत राहिली असती तर बरं होतं. हिराजीला ती धरून ठेवता येईना. जो भेटेल त्याला तो सांगायचा, “पोरानं यंत्र बंद केलं होतं. तात्यानं बघितलंय.” आपल्या अंगावरचं उतरवून ठेवायला त्याला जागा हवी होती. गावानं ते सहज मानलं, कारण यंत्र कोण बंद करत नाही? पण बाकीच्यांनी बंद केलं तेव्हा मासे आले. रूपेशनं केलं तेव्हा तीन खलाशी गेले. इशारा कानावर पडलेला असताना, घोळीच्या लोभानं. महिन्याभरात धनवंती कशी बुडाली हे पोराटोरांनाही पाठ झालं. गोदाक्का हिराजीला भेटायला आली, त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेली, “तू काय करणार बाबा,” म्हणाली. जाताना हेमांगी दारात होती. गोदाक्का तिच्या पायाशी थुंकली.

बोंबील वाळत घालायच्या आडव्या काठ्यांच्या वलांड्या आमच्याकडं सगळ्यांच्या एकत्र असतात. बायका ओळीनं उभ्या राहून घालतात, गप्पा चालतात. मी एका सकाळी तिकडून जाताना पाहिलं, हेमांगी अगदी टोकाला एकटी. तिच्याजवळच्या बायकांनी आपल्या वलांड्या सोडून दुसऱ्या धरल्या होत्या. मी मनाशी ठरवलं आणि तिच्याकडं गेलो.

“हेमा, तुला एक सांगायचंय.”

“सांगू नका,” ती म्हणाली. हात चालूच. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि काठीवर टाकायचा.

“तुला माहीत नाय मी काय सांगतोय.”

“यंत्र बंद नव्हतं केलं त्यांनी. हेच ना?”

“तुला कोणी सांगितलं?”

“कोण सांगणार? मी बघितली डबी. तुम्ही मिठाचं सांगत होता, बाबा टेबलावर डोकं ठेवून हसत होते. मी त्यांची डबी बघत होते. नाव होतं ना तिच्यात. आधी पिवळी झाली. मग नव्हती. बाकीच्या सरकून बसल्या.”

“मग तू बोलली का नाहीस गं?”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “मला वाटलं आले. गेली म्हणजे आले, असंच म्हणत होतात ना तुम्ही दोघं? पिवळ्याचं काय असतं ते मला कोणी सांगितलं होतं? नंतर तुम्ही बाबांना काय समजावलंत ते बाबांनी मला सांगितलं. खटका दाबून निरोप धाडला असता तर डबी लगेच गेली असती, आधी पिवळी कशाला झाली? हे मी रोज अंथरुणात पडून विचारते. दुसऱ्या कोणाला नाय विचारलं.”

“मी आज सगळ्यांना सांगतो. गोदाक्काला सांगतो. रूपेशचं नाव असं नासलेलं…”

“आणि बाबा?”

मी खालचा एक बोंबील उचलला आणि परत ठेवला.

“काल पहिल्यांदा भाकरी मागून घेतली त्यांनी. रात्री झोपतात आता. तुम्ही सांगाल आणि घरी जाल. मी त्यांना काय सांगू? तुम्हीच बोललात काढ ती डबी, म्हणून तुमचा पोरगा गेला, असं? त्यांच्यामागं मला कोण आहे, आणि माझ्यामागं त्यांना?” ती परत बोंबील ओवायला लागली. “हे गेले ते गेले. त्यांना आता कोणी काय म्हणतं ते ऐकू येत नाय. मला येतं, ते मी बघीन.”

“एकटी कशी बघशील?”

“जन्मभर थापा मारल्यात ना तात्या? मग ही एक नीट सांभाळा.”

मी सांभाळली. हिराजी पुढं बरीच वर्षं जगला. वायरलेसवर नवा माणूस आला, नवे पडदे आले, मी त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. हेमांगीनं सासऱ्याचं सगळं केलं. माहेरी गेली नाही, दुसरं लग्न केलं नाही. तिची वलांडी टोकाला ती टोकालाच राहिली. हिराजी मात्र गावात सगळ्यांचा लाडका म्हातारा. लोभी पोराच्या मागं राहिलेला बिचारा बाप.

गेल्या शिमग्याआधी तो गेला. तेराव्याला सगळा गाव जेवायला होता. आता कोणाला जपायचं उरलं नव्हतं, म्हणून पानं मांडल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोललो. यंत्र रूपेशनं बंद केलं नव्हतं. तसा निरोप आलाच नव्हता. बोट भर दुपारी बुडाली आणि आम्ही इथं बसून हसत होतो. हिराजी जगावा म्हणून मी खोटं सांगितलं. पोराचा काही दोष नाही आणि सुनेचा तर नाहीच. हसवल्याशिवाय बोलताना मला त्या गावात कोणी ऐकलं नव्हतं.

कोणी हसलं नाही, तेवढी मर्यादा ठेवली. अंबाजीशेठ आता पार थकलेत, त्यांनी हात धरून मला खाली बसवलं. “शोभलं तात्या तुम्हाला,” ते म्हणाले. “म्हातारा गेला, आता सुनेला आधार नको? शोभलं.”

“शेठ, मी खरं सांगतोय.”

“हो हो. जेवा.”

समोरच्या ओळीत गोदाक्का बसली होती. तीही मान हलवत होती, समजुतीनं. “पोरीसाठी बोललास ते बरं केलंस हो तात्या,” ती म्हणाली. “खोटं असलं तरी कानाला बरं वाटलं.”

तेवढ्यात हेमांगी भाताचं भांडं घेऊन ओळीत वाढत आली. गोदाक्कापाशी ती वाकली, आणि गोदाक्कानं रिकाम्या पानावर हात आडवा धरला.